प्लगइनला मराठीत काय म्हणावं? पुरवणी, पोटभाडेकरू की उसनं?

धागाकर्ता (ठाणे):
इथल्या एका पतपेढीसाठी टिपण लिहितोय. सभासदांच्या खात्यांचं त्यांचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडतं, पण चालतं सिल्व्हरलाइटवर, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या मायक्रोसॉफ्टच्या प्लगइनवर. मायक्रोसॉफ्टने १२ ऑक्टोबर २०२१ला सिल्व्हरलाइटवरचा हात काढला, तरी पतपेढीतल्या एका म्हाताऱ्या संगणकावर ते अजून धुगधुगतंय. आता एक तर हेच रेटायचं, नाहीतर सगळं जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला स्वतःलाच कळणाऱ्या स्क्रिप्टच्या भाषेत, नव्याने लिहून घ्यायचं. संचालक मंडळात बहुतेक निवृत्त शिक्षक. पैसे कशावर जाणार ते मराठीत नीट कळल्याशिवाय सही करणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

'नेटिव्ह ब्राउझर स्क्रिप्टिंग विरुद्ध प्लगइन प्लॅटफॉर्म' असा मथळा होता, त्याचं आधी यंत्राकडून भाषांतर करून पाहिलं. उत्तर आलं: 'मूळनिवासी ब्राउझर लिपी विरुद्ध प्लगइन फलाट'. फलाट वाचून मला दहा नंबरवरची पनवेल गाडीच दिसायला लागली. माझ्या मनात नेटिव्हला 'देशी', स्क्रिप्टला 'संहिता' आणि प्लगइनला 'पुरवणी' आहे. चालेल का?

वाशीकर:
'देशी' अजिबात नको. देशी म्हटलं की पहिली कुठल्या दुकानाची पाटी आठवते ते गुरुजींनाही माहीत आहे. शिवाय देशी आलं की समोर विदेशी उभं राहतं, आणि इथे तर दोन्ही बाजू अमेरिकेतल्याच. 'स्थानिक' सुचवणार असाल तर तेही नको. आमच्या नवी मुंबईत स्थानिक म्हणजे ज्यांच्या जमिनी शहरासाठी गेल्या ते, मोबदल्यात भूखंड मिळणारे साडेबारा टक्केवाले. त्या शब्दाला मातीचा वास आहे, तो ब्राउझरला कशाला लावायचा?

नौपाड्याचा मुद्रितशोधक:
लिपी म्हणजे देवनागरी, मोडी. इथली स्क्रिप्ट नाटकाची. कोणी केव्हा यायचं, काय बोलायचं हे आधी लिहून ठेवलेलं. गडकरी रंगायतनच्या विंगेत तिला संहिता म्हणतात. पण निवृत्त शिक्षकाला संहिता म्हणजे आचारसंहिता, न्याय संहिता. बिचारे कलम शोधत बसतील. 'स्क्रिप्ट'च ठेवा, मराठीत ती कधीच रुळली आहे. नेटिव्हला मात्र 'उपजत' सुंदर आहे.

महाप्याचा प्रोग्रॅमर:
शब्द सुंदर, पण खोटा. पहिल्या ब्राउझरांत स्क्रिप्ट नव्हतीच, पानं नुसती वाचायची होती. नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइकने मे १९९५मध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना केला. तेव्हा नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट. (जावा या दुसऱ्या भाषेशी नातं नावापुरतं.) १९९७मध्ये तिचं प्रमाणित रूप ठरलं. म्हणजे बाहेरून येऊन घरची झालेली. 'उपजत' नाही, 'अंगभूत' म्हणा.

नौपाड्याचा मुद्रितशोधक:
अंगभूत हुशारी आपण जन्मजातच मानतो. पण व्युत्पत्ती तुमच्या बाजूने आहे. भूत म्हणजे झालेलं, अंगभूत म्हणजे अंग होऊन गेलेलं. उपजत मागे घेतो.

ऐरोलीची:
मग पुरवणीचं काय? परीक्षेत पुरवणी मागितली की पर्यवेक्षक देतात, ती त्याच मंडळाची असते आणि मूळ पेपराला दोऱ्याने बांधतात. प्लगइन तसं नाही. ते बहुतेकदा दुसऱ्याच कंपनीचं, आणि वापरणाऱ्याने स्वतः आणून बसवायचं. ब्राउझर त्याला पानावर एक चौकोन देतो आणि बाजूला होतो. आत काय चाललंय ते त्याला कळत नाही. मागे जायचं बटण दाबलं की सगळा फॉर्म गायब, शब्द शोधायला जावं तर सापडत नाही. हा सरळसरळ पोटभाडेकरू झाला!

वाशीकर:
मंडळात दोन बिल्डर असतील तर पोटभाडेकरू लगेच कळेल.

ऐरोलीची:
गंमत सोडा, पण जाहिराती अडवणारी जी जोड आपण बसवतो, ते एक्स्टेन्शन. ती ब्राउझरच्या नियमांतच वावरते. 'पुरवणी' शब्द तिला द्या, तिथे तो चपखल बसतो.

महाप्याचा प्रोग्रॅमर:
मान्य. फक्त प्लगइन घेणारे मूर्ख होते असं टिपणात ध्वनित होऊ देऊ नका. तेव्हा अंगभूत स्क्रिप्टच्या हाती होतं काय? फॉर्ममधला रिकामा रकाना दाखव, चित्र बदल. आवाज, व्हिडिओ, हलती चित्रं हवी तर फ्लॅशसारखं प्लगइनच. यूट्यूब २००५मध्ये फ्लॅशवरच सुरू झालं. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत व्हिडिओ आणि चित्र काढायचा कॅनव्हास आले, ऑक्टोबर २०१४मध्ये त्या प्रमाणावर शिक्कामोर्तब झालं, जानेवारी २०१५मध्ये यूट्यूबने फ्लॅशऐवजी तेच मुख्य केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात क्रोमने जुन्या प्लगइनांचं दार लावलं, त्यात सिल्व्हरलाइट आणि जावा दोन्ही बाहेर पडले. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२०ला संपलं. ज्यांनी तोवर धंदा चालवला त्यांनी गरजेला उसनं घेतलं होतं, इतकंच.

ऐरोलीची:
उसनं! हाच शब्द. शेजारून वाटीभर साखर आणली तर ती परत द्यायची असते, आणि कधी मागायची ते शेजारीण ठरवते.

घणसोलीचा:
शब्द छान, पण उसनवारी संपली असं लिहू नका. आम्ही निविदा भरतो. डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे पेनड्राइव्हसारखी किल्ली, यूएसबीत असतं, आणि पानातल्या स्क्रिप्टला परस्पर तिथे हात घालता येत नाही. पूर्वी त्यासाठी जावाचं प्लगइन लागायचं. ते गेलं, तर आता सहीसाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम संगणकावरच टाकायला लावतात. शेजारीण बदलली, वाटी तीच. तुमच्या पतपेढीत सहीचं टोकन वापरतात का ते आधी विचारा.

धागाकर्ता (ठाणे):
विचारलं. नाही वापरत, सुटलो. काल व्यवस्थापकांना मसुदा वाचून दाखवला: 'सध्याचं काम उसन्या सोयीवर चालतं, नवं काम ब्राउझरच्या अंगभूत सोयींवर होईल.' ते म्हणाले, "उसनं कोणाचं, आणि परत कधी मागितलं?" खाली मायक्रोसॉफ्टचं नाव आणि १२ ऑक्टोबर २०२१ ही तारीख घातली. मग त्यांनी चष्मा पुसला आणि खर्चाचा आकडा विचारला, म्हणजे शब्दांचं काम झालं.

आता फक्त प्लॅटफॉर्म राहिला. फलाट सोडून काही सुचतंय?

नौपाड्याचा मुद्रितशोधक:
वाक्यातून काढूनच टाका. काही अडत नाही.