बुशलँडमधल्या (रानातल्या) शेतावर टायनी हाऊस (अगदी छोटंसं घर), लहान मुलीला घेऊन जावं का?

सिडनीपासून तीनेक तासांवर शेतातलं टायनी हाऊस जानेवारीत बुक करतोय, लेक ५ वर्षांची आहे, कोणी राहिलंय का असं?

– आम्ही राहिलोय, फार आवडलं! पाणी टाकीतलं पावसाचं, वीज सोलरची, त्यामुळे हेअर ड्रायर विसरा. पाणी न लागणाऱ्या कंपोस्ट टॉयलेटला वास येत नाही, दरवेळी मूठभर भुसा टाकायचा बस. पहाटे खिडकीपाशी कांगारू चरत होती, पोटातल्या पिशवीतून पिल्लाचे नुसते कान बाहेर, आमचा मुलगा जागचा हलेचना.

– जानेवारी म्हणजे वणव्यांचे दिवस, टोटल फायर बॅन (उघड्यावर आग पेटवायला बंदी) असला तर शेकोटी बंदच, निघण्याआधी बघा. आणि उजेड असताना पोचा हो, संध्याकाळी कांगारू, वॉम्बॅट असे प्राणी गाडीसमोर येतात.

– झोपायचा लॉफ्ट (वरचा माळा) असेल तर कठडा आहे का नक्की विचारा.