विभागीय शालेय कबड्डी मोठ्या शहरातच कशाला? ब्रह्मपुरी-वडसाला पाळी का नको?

अहेरीकडचा पीटी मास्तर
मंडळी, दिवाळी जवळ आली की हा विषय माझ्या डोक्यात घोळायला लागतो म्हणून आज लिहूनच टाकतो. मी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडच्या एका शाळेत पीटी शिकवतो. तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, की पुढं विभाग. नागपूर विभागात सहा जिल्हे, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि आमचा गडचिरोली, शिवाय नागपूर आणि चंद्रपूर मनपाचे संघ वेगळे. म्हणजे एका वयोगटात आठ संघ, त्यातले नागपूरचे दोनच, तरी माझ्या अनुभवात स्पर्धा फिरून फिरून मोठ्या शहरातच. सिरोंच्याच्या पोरीला नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर पडतं हो.

एका वर्षीचं सांगतो. सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ घेऊन निघालो, एसटी बदलत बदलत रात्री अडीचला पोचलो, मुक्कामाची सोय एका शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून खाली सतरंजी. सकाळी आठला पहिली मॅच. माझी मेन रेडर, म्हणजे चढाईवाली, टॉसच्या आधी बसल्या जागी पेंगत होती. जन्मभर मातीवर अनवाणी खेळलेली पोर, मॅटवर बूट पाहिजेत म्हणून दुसऱ्या शाळेच्या मुलीचे मागून घेतले, दोन नंबर मोठे, पुढं कागद कोंबला. हाफटाइमला बूट काढला तर टाचेची साल निघून मोज्याला चिकटलेली. तीन गुणांनी हरलो. मी हे हरल्याचं रडगाणं म्हणून सांगत नाहीये, समोरच्या पोरी छानच खेळल्या, पण त्या रात्री घरी झोपून आल्या होत्या.

माझं म्हणणं एवढंच की दरवर्षी गाव बदलत पाळी लावा. ब्रह्मपुरी, वडसा, नागभीड ही गावं गोंदिया-बल्लारशा रेल्वेलाईनवर आहेत, गोंदिया आणि चंद्रपूर दोन्हीकडची पोरं थेट ट्रेननं येतील, आणि आमचे शंभरेक किलोमीटर वाचतील.

शिट्टीवाला
सर, तुमची तळमळ कळते, पण मी पंच म्हणून बरीच वर्षं उभा राहिलोय आणि मला हे पटत नाही. एका लहान गावातल्या स्पर्धेत एका मुलाचा खांदा निखळला, सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, हाडाचा डॉक्टर चाळीस किलोमीटरवर, अँब्युलन्स यायला पाऊण तास, तेवढा वेळ तो मैदानाच्या कडेला ओठ चावत बसलेला मी बघितलाय. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात छत आहे, मॅट आहे, पाऊस आला तरी मॅच थांबत नाही, आणि दहा मिनिटांवर हॉस्पिटल. आपण पोरांचा जीव आणि हात-पाय आधी बघायचे की अंतर? आणि मुलींच्या बाथरूमचं काय, आठ संघांच्या शंभरेक मुली आल्या तर गावातल्या शाळेत चार संडास, त्यातल्या दोनांना कडी नाही, हे पण बोलायला पाहिजे ना.

वर्धेची आई
पीटी सर, एक प्रश्न आहे, रागावू नका. तुमचे शंभर किलोमीटर वाचतात ते आमच्या गळ्यात पडतात त्याचं काय? वर्ध्याहून नागपूर ऐंशीच्या आतच, सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री घरी येता येतं, ब्रह्मपुरी म्हणजे जवळपास दोनशे आणि मुक्काम आलाच. माझी मुलगी चौदा वर्षांखाली खेळते, मुक्काम म्हटलं की तिचे बाबा नाहीच म्हणतात, मी भांडून पाठवते. कोणाला तरी लांब पडणारच आहे.

अहेरीकडचा पीटी मास्तर
ताई, रागवायचं काय त्यात, बरोबर बोललात. पण बघा, तुम्हाला एका मुक्कामासाठी घरी भांडावं लागतं, आमच्याकडं तीन-चार मुक्काम धरूनच चालावं लागतं, आणि ते दरवर्षी. त्यात हे धानकापणीचे दिवस, पोरगी चार दिवस गेली तर बांधावरचे दोन हात कमी. संघासोबत बाई शिक्षिका लागते, आमच्याकडं विज्ञानाच्या मॅडम येतात, त्यांचं लेकरू लहान आहे, एकदा त्याला घेऊनच आल्या होत्या. पावसाळी स्पर्धा असली आणि परलकोटा नदीला पूर आला तर भामरागडची मुलं तालुक्याबाहेरच पडू शकत नाहीत. म्हणून पाळी म्हणतोय, कायमचं आमच्याकडं आणा असं नाही. एक वर्ष तुम्ही सोसा, एक वर्ष आम्ही.

कव्हरपॉइंट
मी वडसाची, आता नोकरीला बाहेर. शिट्टीवाले काका, डॉक्टरचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण एक गोष्ट कोणी बोललंच नाही. मी सहावीत होते तेव्हा आमच्या गावात एकदा कबड्डीचे मोठे सामने झाले, बाहेरच्या जिल्ह्यांच्या मुली शॉर्ट्स घालून, दंड थोपटत खेळताना मी पहिल्यांदा बघितल्या. माझी आजी पण आलेली, पदर तोंडाला लावून बसली होती, आणि शेवटच्या रेडला ती उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर जाते म्हटलं तर घरात कोणी काही बोललं नाही. शहरात सामने झाले असते तर हे झालंच नसतं, आम्ही काय नागपूरला सामने बघायला जाणार होतो का? २०२२ ला सीनियर नॅशनल खोखो धाराशिवला झाली, तेव्हाचं उस्मानाबाद, मेट्रो नाही विमानतळाची वर्दळ नाही, तरी झालीच ना. धावपटूच बघा, ललिता बाबर माणमधल्या मोहीची, अविनाश साबळे आष्टीतल्या मांडव्याचा. खेळाडू खेड्यातून यायचे आणि खेळ बघायची सोय मात्र शहरात, हे मला कधीच पटलं नाही.

शिट्टीवाला
तुमच्या आजीचं वाचून बरं वाटलं, खरंच. पण पोरी, नॅशनलला फेडरेशन, पालकमंत्री, प्रायोजक सगळे उभे राहतात, शालेय विभागीयला तुटपुंजा निधी आणि चार शिक्षक, तुलना होत नाही. तरी थोडा मागं येतो. १९ वर्षांखालचे सामने छताखाली शहरातच व्हावेत, त्यावर मी ठाम आहे, त्या वयात अंगावर येणारी टक्कर वेगळीच असते. १४ आणि १७ च्या मुलींचं बाहेर न्यायला हरकत नाही, पण अँब्युलन्स मैदानावर उभी असेल आणि संडास आधी जाऊन बघितलेले असतील तरच. आणि कुठंही घ्या, लांबच्या जिल्ह्याची पहिली मॅच दुपारी बाराच्या आधी लावायची नाही, हे तर यंदापासूनच करता येईल, याला एक रुपया लागत नाही.

वर्धेची आई
हे दुपारचं मला पण मान्य.

अहेरीकडचा पीटी मास्तर
काका, तेवढं झालं तरी माझी रेडर झोपून उठून खेळेल. १९ चं मी तुमच्याशी भांडणार, पण ते नंतर. मॅटचं कसं करायचं? उचलून ब्रह्मपुरीला नेता येते का?

शिट्टीवाला
येते, तुकडे जोडायचे असतात, ट्रकमध्ये मावते. तुम्ही तिकडं हॉल मोजून घ्या, मोठ्या मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटर, आणि चारी बाजूंनी मोकळी जागा सोडा, भिंतीला डोकं आपटता कामा नये. खिडकीच्या काचा कुठं येतात ते पण बघा.