गप्पी मासा धीट असतो की नुसता उपाशी?

टाकीकर:
डासांच्या अळ्या खायला हौदात सोडतात तेच गप्पी माझ्या टाकीत आहेत. 'धीट मासा, बुजरा मासा' ही भाषा मला पटत नाही. सकाळी हात दिसला की सगळे वर धावतात, पोट भरलं की त्याच हाताला घाबरून शेवाळात घुसतात. स्वभाव कसला, पोटातले कावळे! १९७८ साली मिलिन्स्की आणि हेलर या संशोधकांनी हेच दाखवलं. उपाशी स्टिकलबॅक (छोटे काटेरी मासे) पाणपिसवांच्या, म्हणजे पाण्यातल्या बारीक जीवांच्या, दाट थव्यावर तुटून पडत. वरून खंड्याची प्रतिकृती फिरवली, की तेच मासे विरळ थव्याकडे वळले. दाट थव्यात खाताना शत्रूवर नजर राहत नाही ना.

बुजरा_गप्पी:
हात म्हणजे तुमच्या माशांचा अन्नदाता, शत्रू नव्हे. तिथेच गल्लत होतेय. शिकारी मासा दिसला की काही गप्पी जवळ जाऊन त्याला निरखतात, काही लांबच राहतात. डुगाटकिन या संशोधकाने १९९२ मध्ये त्यावरून धीट, मध्यम, बुजरे असे गट केले आणि शिकारी बास माशाच्या टाकीत सोडले. ६० तासांनी बुजऱ्यांतले ४० टक्के जिवंत, मध्यमांतले १५, धीट एकही नाही. भूक तर तिघांनाही लागते!

टाकीकर:
आणि २०१० मध्ये स्मिथ-ब्लमस्टाइनच्या प्रयोगात धीट गप्पीच जास्त जगले, त्याचं काय?

बुजरा_गप्पी:
म्हणजे स्वभावाला महत्त्व आहे हे तुम्हीच मान्य केलंत. फायदा की तोटा, एवढाच वाद उरला. 🙂

तळेवाला:
टाकीतलं तुमचं चालू द्या, तळ्यावर या. बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) पाठवण्याआधी उपाशी ठेवतात, नाहीतर पिशवीतलं पाणी घाण होतं. प्रवासाने दमलेली, भुकेली पिल्लं आपण तळ्यात सोडतो. आयुष्यभर वरून पडणारं खाद्य खाल्लेली, त्यामुळे काठाशी वरच येतात. मासे टिपणारी ढोकरी (बगळ्याच्या जातीचा पक्षी) तिथेच टपलेली. तिला धीट-बुजरा शोधावा लागत नाही. मग सोडण्याआधी पोटभर खायला घालायचं का? तेही नको वाटतं, पचनालाही प्राणवायू लागतो. मी हाप्यात, म्हणजे तळ्यातच लावलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, थोडे दिवस ठेवून, खायला घालून मगच सोडतो.

बुजरा_गप्पी:
त्या हाप्यात सगळी सारखंच खातात ना? तरी काही काठाशी आणि काही तळाशी राहतात का, तेवढं बघाल?

तळेवाला:
बघतो. पण राहिली, तर काठावरची आधी विकेन. 😄