मदत हवी आहे: स्पेक्ट्रम +३ च्या डिस्कवरच्या फाईलचं हेडर हाताने कसं लिहायचं?

प्रश्न:
झेडएक्स स्पेक्ट्रम +३ (१९८० च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) च्या डिस्क इमेजमधून (डिस्कची फाईलरूपी नक्कल) एक स्क्रीन फाईल, म्हणजे पडद्यावरचं चित्र, पीसीवर काढली. ६९१२ बाइट हवे होते, निघाले ७०४०. व्ह्यूअरमध्ये स्क्रीनच्या तिन्ही भागांत वरची अर्धी बाजू खाली गेलीय, खालची वर, आणि रंग अक्षरांच्या चार ओळी खाली घसरलेत. चित्र दुरुस्त करून परत डिस्कवर टाकायचंय. अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरच्या टूलने हेडर (फाईलच्या सुरुवातीची माहिती) लावलं, पण +३ ते ओळखत नाही.

उत्तर:
जादाचे १२८ बाइट हेच हेडर. स्क्रीन मेमरीत ओळीला ३२ बाइट, म्हणून सगळं बरोबर चार ओळींनी सरकलं. पहिले १२८ कापा, चित्र जागेवर येईल.

सीपीसीचं हेडरही १२८ बाइटचंच असतं, पण त्यात सुरुवातीला युजर नंबर आणि फाईलचं नाव येतं. +३ आधी स्वतःची सही (सुरुवातीची ठरावीक अक्षरं) शोधतो. ती किंवा चेकसम (तपासणीची बेरीज) चुकला की फाईलला हेडरच नाही असं धरतो.

+३ च्या हेडरचे बाइट असे. मोजणी शून्यापासून, आकडे दशमान, दोन किंवा चार बाइटच्या संख्येत कमी स्थानाचा बाइट (२५६ ने भागून उरलेली बाकी) आधी:

० ते ७: ८०, ७६, ८५, ८३, ५१, ६८, ७९, ८३ (ही सही)
८ ते १०: २६, १, ०
११ ते १४: हेडरसकट लांबी ७०४०, म्हणजे १२८, २७, ०, ०
१५: फाईलचा प्रकार, ३ (कोड, म्हणजे मेमरीतले नुसते बाइट; बेसिक प्रोग्रॅम असेल तर ०)
१६, १७: हेडर सोडून लांबी, ०, २७
१८, १९: लोड पत्ता (मेमरीत फाईल जिथे चढते ती जागा) १६३८४, म्हणजे ०, ६४
२० ते १२६: सगळी शून्यं
१२७: चेकसम. आधीच्या १२७ बाइटांची बेरीज ८८१, २५६ ने भागून बाकी ११३.

धागाकर्ता:
माझी बेरीज ७५३ येते, बाकी २४१. तेच १२७ वर लिहिलं. आता हेडर ओळखलं जातं, पण लोड होताना फाईल संपल्याची एरर येते.

उत्तर:
फरक नेमका १२८ चा आहे, म्हणजे ११ व्या जागी तुमच्याकडे ० पडलाय. हेडर न धरता ६९१२ लिहिलंत. चेकसम त्या चुकीच्या लांबीशी जुळतो, म्हणून हेडर मान्य होतं, पण +३ च्या लेखी फाईल १२८ बाइट आधीच संपते. ११ वर १२८ आणि १२७ वर ११३ करा.

ही लांबी हेडरमध्ये ठेवण्याचं कारणही आहे. डिस्कची रचना सीपी/एम (एक जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) पद्धतीची, डिरेक्टरीत (डिस्कवरच्या फाईलींची यादी) फाईलच्या लांबीसाठी फक्त १२८ बाइटच्या रेकॉर्डांची (तुकड्यांची) संख्या असते. तुमची फाईल योगायोगाने बरोबर ५५ रेकॉर्डांची आहे. इतर फाईली काढताना शेवटच्या रेकॉर्डमधला कचराही सोबत येईल, तो ११ ते १४ मधली लांबी बघून कापा.