‘फिट ॲज अ फिडल’ म्हणजे नेमकं काय? व्हायोलिनवाल्याला तरी पटत नाही

तारवाला_महाल
परवा शुगर-बीपीचे रिपोर्ट दाखवायला गेलो होतो. डॉक्टर तिशीतला पोरगा. कागद चाळले न म्हणे, ‘काका, फिट ॲज अ फिडल!’ म्हणजे फिडलसारखी, आपल्या व्हायोलिनसारखी, ठणठणीत तब्येत. घरी येईस्तोवर डोक्यात तेच.

मी २८ वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलं. याच्याइतकं नाजूक प्रकृतीचं वाद्य नाही बाप्पा! मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर गेला की लाकूड सुकतं, खुंट्या सैल पडतात, स्टेजवर चढेपर्यंत सूर उतरलेला. जुलैत त्याच खुंट्या फुगून अशा बसतात की पक्कड आणावीशी वाटते. एकदा वरात दारात आली असताना तारांखालची घोडी सटकली. मी ‘घोडी पडली’ म्हणून ओरडलो, तर लोक नवरदेवाकडे धावले.

असं वाद्य इंग्रजांनी तब्येतीसाठी काहून निवडलं? तबला म्हटलं असतं तर समजलो असतो.

निवृत्त_इंग्रजीवाली
काका, तक्रार रास्त आहे, पण गोची ‘फिडल’मध्ये नाही, ‘फिट’मध्ये आहे. हे बोलणं निघालं तेव्हा फिट म्हणजे साजेसं, कामाला योग्य. आपण झाकण ‘फिट बसलं’ म्हणतो ना, त्याच्या जवळचं. इंग्रज नाटककार विल्यम हॉटनच्या १६१६ साली छापलेल्या एका विनोदी नाटकात हे शब्द येतात, आणि तिथे कुणाच्या तब्येतीचा विषयच नाही. ‘वा, झकास जमलं’ एवढाच भाव. फिट म्हणजे धडधाकट हा अर्थ १९व्या शतकात रुळला, आणि जुना वाक्प्रचार त्याच्या मागे फरफटत गेला. फिडलला खरा आधार फ-ला-फ जुळण्याचा.

‘राइट ॲज रेन’, म्हणजे अगदी ठीकठाक, याचंही तसंच. आधी बाणासारखं, रेषेसारखं ‘राइट’, म्हणजे सरळ, असं म्हणत. पाऊस त्यात १९व्या शतकाच्या अखेरीस आला, र-ला-र म्हणून. नाहीतर पाऊस कुठे सरळ पडतो? माझ्या गॅलरीत तर आडवाच येतो.

आणि ‘इन द पिंक’, म्हणजे तब्येत एकदम उत्तम, हे ऐकून गुलाबी गाल डोळ्यांसमोर आणू नका. पिंक हे कार्नेशनच्या कुळातलं फूल, रंगाला नाव त्याच्यावरून मिळालं. शेक्सपियरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला मर्क्युशिओ स्वतःला सौजन्याचा ‘पिंक’ म्हणवतो, म्हणजे सौजन्याचा कळस. तब्येतीचा कळस ही नंतरची भर.

संत्रा_बर्फी
‘रोज एक सफरचंद खा, डॉक्टरला दूर ठेवा’ ही म्हण राहिली. १८६६ मध्ये ‘नोट्स अँड क्वेरीज’ नियतकालिकात वेल्सच्या पेम्ब्रोकशायरमधली म्हणून छापलेलं तिचं जुनं रूप असं: झोपताना सफरचंद खा, म्हणजे डॉक्टरला भाकरी मिळायची नाही. थेट पोटावर पाय! आपल्या संत्र्यावर अशी एकही म्हण नसावी, याचा निषेध.

समुद्र_ते_मनीषनगर
जहाजावर नोकरी केली म्हणून एक माझ्याकडून. ‘क्लीन बिल ऑफ हेल्थ’, म्हणजे आज ‘तब्येतीत काही दोष नाही’, हा आधी खराखुरा कागद होता. जहाज ज्या बंदरातून निघे, तिथे साथ नाही असा दाखला. म्हणजे तपासणी खलाशांची कमी, गावाची जास्त! साथ असली तर ‘फाऊल’ दाखला, आणि पुढच्या बंदराबाहेर नांगर टाकून बसा. रागुसाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ मध्ये प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर ठेवायचं ठरवलं. पुढे ते ४० झाले. इटालियनमध्ये चाळीस म्हणजे ‘क्वारांता’, त्यातून क्वारंटाइन. २०२० मध्ये आपण १४ दिवसांनाही ‘चाळीस’च म्हणत होतो.

तारवाला_महाल
बाई, पटलं. म्हणजे पोरानं मला चारशे वर्षं जुनं ‘झकास’ म्हटलं. चालेल.

पण आपला ‘ठणठणीत’ मला जास्त सुरात वाटतो. आमची ही दर मार्चमध्ये माठ टिचकी मारून घेते. ठण वाजला तर घरी, भद्द वाजला तर कुंभाराकडेच. रिपोर्टाचे नऊशे रुपये वाचले असते.

ता. क. हे लिहिता लिहिता माळ्यावरून पेटी काढली. चारपैकी दोन तारा तुटलेल्या, घोडी गायब.