साक्यावर आयोडीन टाकले की तो निळा का पडतो?

प्रश्न (देवगड)
परवा अढीतून काढलेला हापूस कापला. साल केशरी झालेली, देठाशी घमघमाटही होता. पण बाठ्याला लागून फिकट, पांढरट, भोके पडलेला साका निघाला. साका म्हणजे कुजलेला भाग, अशीच आमच्या घरात समजूत आहे. मात्र नववीतल्या मुलीने त्या फोडीवर टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकले, तेव्हा चांगल्या गरावर ते तपकिरीच राहिले आणि साका बघता बघता निळा-काळा पडला. एकाच फळात असे कसे? आणि आणखी चार दिवस अढीत ठेवला असता, तर तो भाग पिकला असता का?

उत्तर (शिक्षक, रत्नागिरी)
मुलीने नेमकी परीक्षा केली आहे. कच्च्या हापूसमध्ये साखर थोडी आणि स्टार्च भरपूर असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक साखळी. तिचा अमायलोज हा जवळजवळ बिनफांद्यांचा प्रकार मळसूत्रासारखा गुंडाळलेला असतो आणि आयोडीन त्या पोकळीत रांगेने अडकला की निळा रंग दिसतो. आंबा पिकू लागला की अमायलेज ही विकरे साखळी तोडत जातात आणि त्यातून सुट्या होणाऱ्या शर्करांपासून पेशी मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपल्या चहातलीच साखर, बनवतात. साक्यात अमायलेजचे काम मंदावलेले असते. स्टार्च तसाच पडून राहतो, आम्लही पुरेसे उतरत नाही, म्हणून तो भाग पिठूळ आणि आंबट लागतो. कुजवण्याचे काम बुरशी आणि जिवाणू करतात. साका हा फळाच्या स्वतःच्याच घडणीतला बिघाड आहे. (आयोडीन लागलेली फोड मात्र कोणी खाऊ नये.)

उत्तर (बागायतदार, राजापूर)
अढीत ठेवून साका जात नाही. बाकीचा गर तेवढा उतरतो. आम्ही फळ चौदा आणे तयार झाले की काढतो, कारण झाडावर जास्त तयार होऊ दिले तर साक्याचे प्रमाण वाढते. तापलेल्या कातळाची धग फळाला लागते हेही एक कारण मानले जाते. झाडाखाली गवताचे आच्छादन घातल्यावर फरक पडतो. बाहेरून काहीच कळत नाही, ही खरी पंचाईत. गिऱ्हाईक पेटी उघडून आंबा कापते आणि बोल आम्हाला लागतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आणलेल्या ‘रत्ना’ जातीत साका होत नाही, पण हापूसच्या चवीची सवय झालेल्यांना ती पटवणे अवघड जाते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मुलगी आता शाळेतले बेनेडिक्टचे द्रावण वापरून साक्यातली साखर तपासते म्हणते.

उत्तर (शिक्षक, रत्नागिरी)
त्याने फारसे हाती लागणार नाही. सुक्रोज बेनेडिक्टला दाद देत नाही, आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज थोडेफार दोन्हीकडे असल्याने दोन्ही नळ्या विटकरी होतील. त्यापेक्षा एकाच पेटीतला एकेक आंबा रोज कापून आयोडीन टाकावे. अढीतल्या पहिल्या दिवसापासून निळा रंग कसा विरत जातो, ते तिला दिसेल.