मदत हवी आहे : मिडी कीबोर्डची पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो

नमस्कार. नाशिकला पंचवटीत राहत्या घरी अभंगांच्या चाली ध्वनिमुद्रित करण्यासाठी मी यूएसबी मिडी कीबोर्ड विंडोज लॅपटॉपला जोडला आहे. सॉफ्टवेअरला कीबोर्ड ओळखता येतो, हार्मोनियमचा स्वरही उमटतो. मात्र तो इतका उशिरा, की द्रुत लयीत वाजवणे अशक्य होते. मिडीतून आवाज नव्हे, तर कोणती पट्टी किती जोराने दाबली एवढीच माहिती जात असल्याने दोष कीबोर्डचा नसावा, असे मला वाटते. 44,100 हर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, म्हणजे सॅम्पल) 512 सॅम्पलचा बफर (वाजण्यापूर्वी आवाज तात्पुरता साठवण्याची जागा) म्हणजे सुमारे 12 मिलिसेकंदांचा उशीर. प्रत्यक्षातला उशीर त्याहून बराच जास्त जाणवतो आणि बफर 128 वर आणताच आवाज चरचरतो. अशा वेळी केवळ एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजची नेहमीची ध्वनियंत्रणा टाळून उशीर कमी करणारे सॉफ्टवेअर) पुरेसा ठरेल, की स्वतंत्र ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला बाहेरून जोडायचे ध्वनी-उपकरण) घ्यावाच लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.